सीतादहीच्या वावरातलं विमान

ते १९३० साल होतं. आश्विन संपत आला होता आणि दिवाळी आठ दिवसांवर होती. सालाबद्दल माझ्याशी कोणी वाद घालू नये. आदल्या वर्षी याच सुमाराला पटकीच्या साथीत माझे मेहुणे इंद्रभान गेले होते आणि त्यांचं वर्षश्राद्ध नुकतंच उरकलं होतं.

आमचं गाव रिठदपासून दीड कोसावर. आता वाशीम स्वतःच जिल्हा झालाय. तेव्हा तो अकोल्याचा एक तालुका होता आणि आमच्या गावाला कच्च्या गाडीवाटेशिवाय वाट नव्हती. मी कस्तुरा, गोजराबाईची धाकटी बहीण. अठरा वर्षांची होते. माझा नवरा नागपूरच्या गिरणीत कामाला म्हणून गेला तो परत आलाच नाही. सासरी नको आणि माहेरी जड, अशी मी होते. आक्कानं निरोप धाडला, "पोरगीले माह्याकडं पाठवा. दोन भाकरी जास्त थापीन." मी आले ती आलेच.

आक्काला लेकरू नव्हतं. मेहुणे गेल्यावर धाकटा दीर बबनराव पंचांपुढं उभा राहिला. म्हणाला, वहिनीला दोन वेळचं जेवण आणि वर्षाला दोन लुगडी देतो, वावर मी वाहतो. बाईमाणसाच्या हातानं शेती होते का कुठं? पंच ओट्यावर बसले होते. आक्का दाराआड होती. तिथूनच ती म्हणाली, "जेवण मी माह्या हातानं रांधून खाईन, बबनराव. वावर मले वाहू द्या."

पंचांत दौलतसिंग म्हणून एक म्हातारे होते. त्यांनी तोड काढली. एक हंगाम. आक्कानं पेरावं, निंदावं, आणि कपाशी घरात आणून दाखवावी. आली तर नदीकडचं चार एकर जन्मभर तिच्या हाती. नाही आली तर पुढच्या पेरणीला बबनरावाचा नांगर.

त्या साली आक्कानं स्वतः डवरा, म्हणजे ओळींमधलं तण काढायचं औत, धरला. आमच्या भागात तोवर बाईनं बैलामागं डवरा धरलेला कोणी पाहिला नव्हता. लोक म्हणाले, आता पाऊस कायले येते. पाऊस आला. आक्का पावसाला काही बोलली नाही आणि लोकांनाही काही बोलली नाही. आश्विनात कपाशी कमरेला लागली होती आणि खालची बोंडं तडकायला लागली होती.

मंगळवारी दुपारी आम्ही तिघी धुऱ्यावर बैलांसाठी गवत कापत होतो. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. तिसरी अमीनाबी. गावातल्या वेचणाऱ्या बायांची ती मुकादमीण. तिचा नवरा गफ्फार मिस्त्री गाड्या आणि चाकं बनवायचा. तिनंच आधी मान वर केली.

"जिनिंगचं इंजन आभाळात गेलं का काय?"

आवाज तसाच होता, पण खोकणारा. मग ते टेकाडावरून दिसलं. खाली खाली येत ते नाल्याकाठच्या बाभळींवरून गेलं आणि आमच्या शेजारी, बबनरावानं हरभऱ्यासाठी वखरून ठेवलेल्या मोकळ्या वावरात उतरलं. ढेकळं उडवत, उड्या मारत आलं आणि आमच्या धुऱ्यापासून दहा पावलांवर, नाक आमच्या कपाशीकडं करून थांबलं.

एका खाटेवर दुसरी खाट उभी करावी तसे एकावर एक दोन पंख होते, मध्ये दांड्या आणि तारा. अंग चांदीच्या रंगाचं, पंखांवर मोठाली रंगीत वर्तुळं, नाकाशी दोन बंदुकीच्या नळ्या. आतून एकच माणूस उतरला. तोंड तेलानं काळंकुट्ट. चष्मा काढला तेवढं डोळ्यांभोवती पांढरं.

अमीनाबी म्हणाली, "माय वो, म्या म्हटलं गोरा असन. हा तं आपल्यावानीच हाय."

त्यानं रुमालानं तोंड पुसलं आणि गोराच निघाला. "पानी," म्हणाला. आक्कानं ओंजळीत वरून पाणी ओतलं. तो अर्धी घागर प्याला.

त्याला मोडकीतोडकी हिंदुस्थानी येत होती. ते विमान आरमाराचं होतं, समुद्रात चालणाऱ्या जहाजाच्या छतावरून उडायचं, लढाईचं. कराचीहून सिकंदराबादेला निघालं होतं आणि वाटेत इंजिन तापलं. अमीनाबीनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समुंदर? साहब, इथं आमच्या नाल्याले बी दिवाळीनंतर पाणी रायत नाई. तुमी लईच चुकले."

तो हसला. मग विमानाच्या अंगावर थाप मारून म्हणाला, "यह एक ही है. दुनिया में एक. गर्मी में देखने का हुकुम है. पसंद आया तो सौ बनेगा. नहीं आया तो बस, खतम."

"किती दिवस पाहतीन?" आक्कानं विचारलं. अमीनाबीनं ते त्याला सांगितलं.

"एक मौसम."

आक्कानं आपल्या कपाशीकडं पाहिलं. "मंग तुमचं अन् माह्यं एकच हाय, साहेब," ती म्हणाली. हे अमीनाबीनं त्याला सांगितलं नाही. मला मात्र ते लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोटार आली. तिच्यात पेट्रोलचे डबे, एक शिपाई आणि एक नायब साहेब. सरकारातले हे अंमलदार आपल्याच मुलखातले, कोट-फेटा घातलेले, मराठी बोलणारे. गोऱ्या साहेबानं रात्रभर खपून इंजिन नीट केलं होतं. आता प्रश्न उडण्याचा होता. ज्या वावरात ते उतरलं होतं ते आखूड, आणि त्याच्या टोकाला नाला आणि बाभळी. उडायला लांब, सरळ जमीन हवी होती. नायब साहेबांनी इकडून तिकडं पावलं मोजली. बबनराव छत्री धरून मागं. शेवटी दोघं आमच्या धुऱ्यावर येऊन उभे राहिले.

आमचं वावर लांब आणि अरुंद, पट्ट्यासारखं. विमानाच्या नाकापासून थेट नदीपर्यंत सरळ.

"बाई, ही कपाशी कापावी लागेल," नायब साहेब म्हणाले. "धुरा सपाट करायचा आणि मधला पट्टा साफ करायचा. सरकार नुकसानभरपाई देईल."

मधला पट्टा गेला असता तर दोन्ही कडांना चार-चार ओळी उरल्या असत्या.

"पंचायनं कपाशी म्हटलं होतं," आक्का म्हणाली. "भरपाई घरात आणून म्या काय दाखवू?"

बबनराव दुसरीकडं बघत होता. मी त्याला वाईट म्हणत नाही. त्यानं विमान बोलावलं नव्हतं. पण ते आपल्याच बाजूनं उतरलंय असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

नायब साहेबांनी वेचणाऱ्या बायांना बोलावून घेतलं. चाळीसेक जणी आल्या. पुढं अमीनाबी, पदर खोचून.

"विळे आणा आणि कापायला लागा."

"सीतादही नाई झालं, साहेब."

"काय?"

"सीतादही. त्याच्या आधी आमी कपाशीले हात लावत नाई. माह्या सासूनं नाई लावला, मी बी नाई लावणार."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. वऱ्हाडात पहिल्या वेचणीच्या आधी वावराची मालकीण दहीभात घेऊन वावरात जाते. एका झाडाखाली पाच खडे मांडून त्यांना कुंकू लावते, चारी कोपऱ्यांना दहीभात शिंपडते, आणि पहिल्या बोंडाचा कापूस ओढून त्याचा धागा झाडाला गुंडाळते. मग वेचणी. हे झाल्याशिवाय कपाशीला कोणी शिवत नाही.

नायब साहेब चिडले. "तुम्ही मुसलमान. तुम्हाला सीतादहीचं काय?"

"कपाशीले जात नसते, साहेब," अमीनाबी म्हणाली. "अन् दहीभात मले बी आवडते."

बाया हसल्या. आणि इथंच बबनरावाची घाई झाली. साहेब खोळंबलेत, नायब साहेब रागावलेत, आणि एवढ्याशा दहीभातासाठी सगळं अडलंय, हे त्याला सहन होईना.

"अवो मंग करून टाका ना सीतादही," तो म्हणाला. "त्याले कितीक वेळ लागते? वहिनी, वावराच्या मालकीण तुमी. तुमच्याच हातानं झालं पाह्यजे. दहीभात मी घरून आणतो."

छत्री तिथंच टाकून तो खरंच पळत गेला. पाठीमागं कोणीतरी कुजबुजलं की विधवेच्या हातचं सीतादही चालते का. बबनराव दहीभाताचं गाडगं घेऊन परतला होता, त्यानंच त्या बाईला गप्प केलं. "चालते. आज चालते. पटपट आटपा."

आक्कानं मात्र पटपट काही केलं नाही. नदीवर जाऊन हातपाय धुतले. पाच खडे स्वतः निवडले. चारी कोपऱ्यांना चालत गेली, आणि कोपरे लांब होते. वर ऊन चढलं. गोरा साहेब पंखाच्या सावलीत बसून बघत होता. शेवटी तिनं खालचं एक फुटलेलं बोंड घेतलं, कापूस ओढला, मांडीवर वळून धागा केला आणि धुऱ्यालगतच्या झाडाला गुंडाळला. सगळ्यांना दहीभात वाटला. नायब साहेबांनीही खाल्ला.

हात पुसून ते म्हणाले, "झालं? आता कापा."

"आता तं मुळीच नाई," अमीनाबी म्हणाली.

"म्हणजे?"

"सीतादही झालेल्या कपाशीले शेवटच्या वेचणीपावतर विळा लागत नाई. संक्रांतीनंतर या, साहेब. तवा पऱ्हाट्या उपटून नेजा, चुलीले कामी येतीन."

नायब साहेब वळले. "बबनराव, हे खरं आहे?"

बबनरावाचा चेहरा दह्यासारखा झाला होता. "खरं हाय, साहेब. घाईत माह्या ध्यानातच नाई आलं."

दौलतसिंग सकाळपासून बाभळीखाली काठीवर हनुवटी टेकून बसले होते. आता म्हणाले, "अन् मालकीण म्हटलं तुमी वहिनीले. साऱ्या गावापुढं. ते बी घाईतच का, बबनराव?"

कोणी हसलं नाही. बबनरावानं छत्री उचलली आणि घरी गेला.

नायब साहेब जाताना सांगून गेले की उद्या सकाळी सडकेच्या कामावरची टोळी आणतो. ती माणसं परगावची, त्यांना तुमचं सीतादही लागत नाही. आक्कानं फक्त पदर सारखा केला. अमीनाबी मला हळूच म्हणाली, "आता तं अल्लाच पाह्यन."

दिवस कलायच्या सुमाराला पश्चिमेकडून वावधान उठलं. आश्विनात असं होतं, पाऊस नाही, नुसता वारा आणि धूळ. आम्ही तिघी बैल सोडायला धुऱ्यावर होतो. विमान वाऱ्यानं हलायला लागलं, मोठे पंख एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला उचलायला लागले. साहेब पळत आला. शिपायाला त्यानं उलट्या तोंडानं उभं केलं, लोकांना हाकलायला. धुळीत आम्ही त्याला दिसलो नाही.

त्यानं पंखाच्या मुळाशी दोन खिळी उपसल्या, टोकाला खांदा लावला आणि ढकललं. वरचा आणि खालचा, एका बाजूचे दोन्ही पंख दारासारखे मागं वळले आणि विमानाच्या अंगाला लागले. मग दुसऱ्या बाजूचे. बगळा उतरला की पंख अंगाशी घेतो, तसं ते विमान बारीक होऊन उभं राहिलं. त्यानं दोर बांधले, खुंट्या ठोकल्या आणि आत जाऊन बसला.

आक्का तशीच उभी. धूळ डोळ्यांत जात होती तरी ती बघत होती. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतेय. ती ओळी मोजत होती.

"कस्तुरा, उघडं होतं तवा ते आपल्या वीस ओळींपुढं पसरलं होतं," ती म्हणाली. "आता नऊ."

आमच्या कपाशीच्या ओळी हात-हात अंतरावर होत्या. नऊ ओळी म्हणजे नऊ हात.

"अमीनाबी, पांदण किती हात हाय?"

पांदण म्हणजे दोन्हीकडं काटेरी झुडपं असलेली गाडीवाट. आमची पांदण त्या धुऱ्याच्या टोकापासून निघून टेकाडामागच्या बरडावर जात होती. बरडावर काही पिकत नव्हतं. कठीण मुरूम, सपाट, या टोकाला ओरडलं तर त्या टोकाला ऐकू येऊ नये इतकं लांब. गावाची गुरं तिथं चरायची.

"माह्या घरवाल्याले विचारते," अमीनाबी म्हणाली. "गाड्या त्याच्याच जातेत तिथून."

गफ्फार मिस्त्री पहाटे दोर घेऊन पांदण मोजून आला. वाट बारा हात होती, पण बोराटी वाढून वाढून सात-आठ हातच मोकळी राहिली होती.

सूर्य कासराभर वर आला तेव्हा नायब साहेब टोळी घेऊन आले. पंधरा माणसं, प्रत्येकाच्या हातात विळा. पुढं त्यांचा जमादार किसनसिंग. साहेबानं पंख परत उघडून ठेवले होते, जसे कधी मिटलेच नव्हते. आक्का धुऱ्यावर उभी होती. तिनं नायब साहेबांकडं पाहिलंच नाही. ती गोऱ्याशी बोलली.

"साहेब, काल वावधान आलं तवा तुमचं विमान मिटलं. वाऱ्यासाठी मिटते, मंग माह्या कपाशीसाठी काहून मिटत नाई?"

अमीनाबीनं मागून सांगितलं, "साहब, हवा आई तो पंख समेटे. हमारी कपास के लिए क्यों नहीं समेटते?"

साहेबाचं तोंड कानापर्यंत लाल झालं. नायब साहेबांनी इंग्रजीत काही विचारलं. त्यानं मान खाली घालून उत्तर दिलं. नायब साहेबांना हे ठाऊकच नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. मग गोरा अमीनाबीला म्हणाला, "हुकुम था. पंख का काम नया है. किसी को दिखाना नहीं."

"दिसलं ना आता," आक्का म्हणाली. "चोरून ठेवाले माह्या कपाशीचा पडदा पाह्यजे का त्याहिले?"

"बाई, बाजूला व्हा," नायब साहेब म्हणाले. "नाहीतर शिपायाला सांगावं लागेल."

आक्का धुरा उतरून वावरात गेली आणि पहिल्या ओळीच्या तोंडाशी, सीतादहीच्या झाडापाशी बसली. मी दुसऱ्या ओळीत बसले. तिसरीत अमीनाबी. मग एकेक बाई येत गेली. कोणी कोणाला हाक मारली नाही. लेकराला पाजत असलेली एक होती, ती पाजता पाजताच येऊन बसली. विमानाच्या वीस ओळी भरल्या आणि पुढच्याही भरायला लागल्या.

त्या साली पुसदकडं लोक राखीव जंगलात गवत कापून तुरुंगात जात होते. रोज नवी बातमी यायची. चाळीस बायका उचलून न्यायच्या आणि त्याही दहीभातासाठी, हे वर कसं लिहायचं, असा काहीसा हिशेब नायब साहेब करत असावेत. त्यांनी शिपायाकडं पाहिलं नाही. किसनसिंगाकडं पाहिलं.

"कडेनं सुरू करा."

किसनसिंग दोन पावलं आला. खाली वाकला. पाच खडे, कुंकू, धागा. त्यानं विळा काखेत धरला आणि हात जोडले.

"सीतादही झालेलं दिसते, साहेब."

"तुम्ही परगावचे ना?"

"परगावचे हाओ. पण वऱ्हाडातलेच हाओ. आमच्या घरी समजलं तं बायको भाकर नाई देणार."

तेव्हा तो गोरा पहिल्यांदा मोठ्यानं हसला. त्याला किती कळलं कोण जाणे. तो धुऱ्यावर आला आणि आक्कासमोर उकिडवा बसला. "रास्ता है?" त्यानं विचारलं.

"हाय," पांदणीकडं आणि मागच्या बरडाकडं बोट दाखवत गफ्फार मिस्त्री म्हणाला. "सवा नऊ हात करून देतो. पर आप का यंतर पूँछ की तरफ से जाएगा."

बैल जुंपणार हे कळल्यावर साहेबानं दोन्ही हात आडवे केले. मिस्त्रीनं त्याला हातांनी समजावलं. शेपूट उचलून माझ्या बंडीवर ठेवायचं, खाली कडबा आणि गोणपाटाची गादी. विमानाची स्वतःची चाकं आहेत, ती जमिनीवर चालतील. बैल बंडीला जुंपायचे, विमानाला नाही. लांब लाकूड मी असंच नेतो, तुमचं तर त्याहून हलकं आहे. साहेबानं बंडीखाली शिरून साटीचा सांगाडा पाहिला, चाकाची लोखंडी धाव पाहिली, आणि मिस्त्रीचा हात हातात घेतला.

किसनसिंगाच्या टोळीनं कपाशीसाठी आणलेले विळे बोराटीवर चालवले. बायाही उठल्या. दोन तासांत पांदण उघडी झाली. पंख पुन्हा मिटले, या वेळी सगळ्या गावापुढं. बंडीला आमची जोडी आणि पुढं जादा एक जोडी. आक्का कासरा धरून पुढं, मिस्त्री शेपटाशी, साहेब एकदा या चाकाशी एकदा त्या चाकाशी. अमीनाबी त्याला बजावत होती, "घाबरू नका, साहब, बैल आमचे शिकेल हायेत, मोटारीवानी बिघडत नाईत."

नाल्याच्या चढाला बैल अडले. चाकं भेगांत बसली. दोन जोड्या पुरेनात. आक्कानं मागं पाहिलं. बबनराव लांबून, आपल्या वावराच्या टोकावरून बघत होता.

"बबनराव," तिनं हाक मारली, "तुमची जोडी आणा."

तो जोडी घेऊन आला आणि पुढं जुंपली. त्याची जोडी गावात सगळ्यांत दांडगी होती. चढ निघाला.

वर येताना एका राहिलेल्या फांदीनं खालच्या डाव्या पंखाचं कापड वीतभर फाडलं. पंख नुसत्या कापडाचे होते हे तेव्हा आम्हाला कळलं. साहेब हळहळला. अमीनाबीनं कनवटीची सुई काढली. तो नको नको म्हणाला, मग तिचा टाका पाहिला आणि आपल्या पेटीतला दोरा तिला दिला. तिनं शिवलं, त्यानं वरून कापडाचं ठिगळ लावलं आणि नाकात झोंबणारं काहीतरी फासलं.

"समुंदरात जाऊन पाण्यावर पाहतीन लोक," अमीनाबी मला म्हणाली, "त्याहिले काय ठाव, टाका कोणाचा हाय."

दुपारी बरडावर पंख उघडले. साहेबानं आक्काला टोपी काढून सलाम केला. इंजिन गरजलं तशी गुरं उधळली, धूळ उडाली, आणि बरडाच्या निम्म्यातच ते जमीन सोडून वर गेलं. एक फेरी घालून ते आमच्या वावरावरून गेलं, इतकं खालून की कपाशी वाऱ्यानं वाकली. मग उठली. एक झाड मोडलं नव्हतं.

आम्ही संक्रांतीपर्यंत तीन वेचण्या केल्या. कापूस आधी घरात आला, मग बंड्यांत भरून आक्कानं तो स्वतः जिनिंगला नेला. जाताना मुद्दाम बबनरावाच्या दारावरून नेला, ती वाट लांबची असूनही. परत आल्यावर ती पंचांपुढं उभी राहिली, या वेळी दाराबाहेर. दौलतसिंग म्हणाले, "ठरवाले काही उरलं नाई, बाई. ते सीतादहीच्या दिवशीच ठरलं."

दौलतसिंग त्यानंतर दोन वर्षं जगले. किसनसिंग पुढं आमच्याच गावात राहायला आला. दर साली आमच्या सीतादहीला यायचा आणि दहीभात दोनदा मागायचा. नायब साहेबांची बदली झाली. कुठं गेले ते कळलं नाही, पण जाण्याआधी एक काम त्यांनी सरळ केलं. गोऱ्या साहेबाचं पत्र त्यांच्याकडं आलं होतं, ते त्यांनी मराठीत उतरवून शिपायाबरोबर आक्काला धाडलं. १९३२ चं असावं. साहेबानं लिहिलं होतं की विमान परीक्षेत नापास झालं. त्याच्याहून चांगलं दुसरं कोणाचं तरी निघालं. एकच बनलं होतं, दुसरं बनलं नाही, आणि ते सुटं करून टाकलं. "तुमच्या कपाशीचं काय झालं?" असं त्यानं शेवटी विचारलं होतं. आक्कानं मला उत्तर लिहायला सांगितलं. एकच ओळ. "आली." ते त्याला पोचलं की नाही, आणि पुढच्या लढाईत त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

गफ्फार मिस्त्री १९४१ साली गेला. ती बंडी त्यानं कोणाला विकली नाही. अमीनाबी नव्वदीपर्यंत होती, डोळे गेले तरी सुईत दोरा स्वतः ओवायची. बबनराव आक्काशी चार वर्षं बोलला नाही. पाचव्या वर्षी त्याच्या बायकोच्या बाळंतपणात आक्का रात्रंदिवस राबली, मग बोलायला लागला. पण मरेपर्यंत तिला वहिनीच म्हणाला, मालकीण पुन्हा एकदाही म्हणाला नाही. आक्का १९६८ मध्ये त्याच वावरात, वेचणीच्या दिवसांत गेली. वावर तिनं माझ्या नावानं केलं होतं.

माझा नवरा कधीच आला नाही. मी पुढं शिकले आणि तीस वर्षं शाळेत शिकवलं. आता सत्त्याऐंशीची आहे. पत्रासोबत साहेबानं विमानाचा एक फोटो पाठवला होता, तो माझ्या खोलीत आहे. नव्या पोरांना वाटतं आजी बनवून सांगते. कोणत्याही पुस्तकात हे विमान आमच्या गावी आल्याचं नाही, म्हणतात. नसू दे. फोटोत खालच्या डाव्या पंखावर वीतभर ठिगळ दिसतं. मी त्यांना भिंग देते आणि बघा म्हणते.